गाव मांडून ठेवताना

खेड्यातली एखादी वस्तू कामातून गेली की तिच्यापुढे तीन वाटा असतात. लाकडाची असेल तर चूल, लोखंडाची असेल तर भंगारवाला आणि दिसायला बरी असेल तर शहरातल्या कोणाचा तरी दिवाणखाना. आमच्या दर्यापूर तालुक्यात या तिन्ही वाटांनी वस्तू जाताना मी पाहिल्या आहेत. आमची तिफण एका ओल्या पावसाळ्यात चुलीत गेली. बंडीच्या चाकांच्या धावा किलोच्या भावानं गेल्या. एका पडक्या वाड्याच्या सागवानी खांबांना बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं. त्यानं खांब नेले, माती पावसाच्या हवाली केली.

अलीकडे चौथी वाट निघाली आहे, संग्रहालयाची. वस्तूच नव्हे, तर सगळं गावच उचलायचं आणि लोकांना पाहायला मांडून ठेवायचं. कल्पना वाईट नाही. पण ती ऐकली की माझ्या मनात एक प्रश्न उभा राहतो. गाव मांडून ठेवायचं म्हणजे नेमकं काय ठेवायचं? आणि कोणाचं?

हा उद्योग आपल्याकडे नवा असला तरी जगात जुना आहे. स्वीडनमध्ये स्टॉकहोमला आर्तुर हाझेलियस नावाच्या गृहस्थानं १८९१ साली ‘स्कान्सेन’ नावाचं उघड्यावरचं संग्रहालय सुरू केलं. देशाच्या वेगवेगळ्या भागांतली शेतकऱ्यांची घरं सोडवून आणली आणि एका टेकडीवर पुन्हा उभी केली. जपानमध्ये टोकियोच्या शेजारी कावासाकी शहरात १९६७ साली ‘निहोन मिंका-एन’ हे असंच जुन्या घरांचं गाव लोकांना खुलं झालं. शहरं पसरू लागली, जुनी घरं पाडली जाऊ लागली, तेव्हा तिकडच्या लोकांनी दूरदूरची गवती छपरांची घरं एकेक वासा मोकळा करून आणली आणि पुन्हा जशीच्या तशी जोडली.

या जपानी गावाची एक गोष्ट मला फार आवडते. तिथल्या घरांत जमिनीतच एक चौकोनी खळगा असतो, त्यात विस्तव असतो. इरोरी म्हणतात त्याला. आता त्या घरांत कोणी राहत नाही, स्वयंपाक होत नाही, तरी स्वयंसेवक येऊन तो विस्तव पेटवतात. का, तर धूर वर गवतात गेला की किडा लागत नाही आणि छप्पर कोरडं राहतं. म्हणजे घर टिकवायचं तर त्यात जाळ लागतोच. माणसं गेली तरी त्यांचं काम कोणीतरी करावंच लागतं.

आमच्या धाब्याच्या घरांचं हेच होतं. चुलीच्या धुरानं वासे काळे पडायचे आणि वाळवी दूर राहायची. दर उन्हाळ्यात धाब्यावर नवी माती टाकून चोपायची, भिंती पोतारायच्या, जमीन सारवायची. पोरं पुण्याला गेली, म्हातारी वारली, चूल विझली की दोन-तीन पावसाळ्यांत धाबं गळायला लागतं. मातीचं घर रिकामं राहू शकत नाही. सिमेंटच्या घराला कुलूप लावता येतं, मातीच्या घरात राहावंच लागतं.

भोपाळला इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. तिथं श्यामला टेकड्यांवर देशभरातल्या आदिवासींची घरं उघड्यावर उभी आहेत. ती त्या त्या लोकांना बोलावून, त्यांचंच सामान वापरून, त्यांच्याच हातांनी बांधून घेतलेली आहेत. ज्याचं घर त्यानंच बांधून दाखवायचं, ही रीत मला न्यायाची वाटली. पण खेड्याचं तसं करता येत नाही. खेडं म्हणजे एका जमातीचं घर नव्हे. खेड्यात शंभर घरं आणि शंभरांच्या शंभर तऱ्हा. एका माणसाला विचारून दुसऱ्याचं घर बांधलं तर ते चुकतंच.

आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं असं गाव म्हणजे कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय. आमच्याकडची माणसं अंबाबाईला आणि जोतिबाला गेली की कणेरी करूनच परततात. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला घेत थेट कोल्हापूरला जाते, त्यामुळे प्रवास लांबचा असला तरी गाडी बदलावी लागत नाही. आम्हीही गावातली आठ-दहा माणसं भाकरी, ठेचा आणि कोरडं चून बांधून असेच गेलो. सोबत माझी आत्या होती, वय ऐंशीच्या घरात. आणि आमच्या शेजारच्या वस्तीतले एक काका होते, आत्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान. काकांचे वडील आमच्या आजोबांकडे कित्येक वर्षं सालदार होते.

कणेरीला माणसाच्या उंचीच्या सिमेंटच्या मूर्ती आहेत. बारा बलुतेदार, अठरा अलुतेदार, शेतातली कामं, घरातली कामं, सगळं रंगवून उघड्यावर मांडलेलं. काम इतकं हुबेहूब की लहान पोरं मूर्तीशी बोलायला जातात. शहरातून आलेली माणसं आपल्या लेकरांना सांगत होती, हा कुंभार, हा लोहार, याला नांगर म्हणतात. ज्या पोरानं बैल फक्त पुस्तकात पाहिला त्याला एवढं कळणंही थोडं नाही. मीही पुष्कळ वेळ रमलो.

आत्या दळण दळणाऱ्या बाईपुढे थांबली. बराच वेळ पाहत राहिली आणि मला म्हणाली, “बाबू, हिच्या हातावर घट्टे काढले हायेत काय रे? मले इतक्या दुरून दिसत नाई.”

तिथं कॉलेजच्या दोन-तीन मुली फोटो काढत होत्या. त्यातली एक प्रेमानं म्हणाली, “आजी, जात्यावरचं एखादं गाणं म्हणा ना.”

आत्या म्हणाली, “गानं काई सुखाचं नोतं वं माय. झोप लागू नये म्हून होतं. पायटी चारले उठा लागे. जात्याचा आवाज थांबला का सासूले समजे, सून झोपली.” मग थोडी हसून म्हणाली, “गावात चक्की आली ना, त्या दिवशी आम्ही बायाइनं गूळ वाटला होता.”

मुली हसल्या. मला मात्र तो गूळ अजून आठवतो. मी तेव्हा लहान होतो, खडा मलाही मिळाला होता. जात्यावरच्या ओव्या नाहीशा झाल्या म्हणून आपण हळहळतो, लेख लिहितो. ज्यांच्या तोंडच्या त्या ओव्या होत्या त्यांनी जातं सुटल्याचा गूळ वाटला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. ओवी सुंदर होती हेही खरं आणि ती झोपमोडीतून आली हेही खरं. आपण पहिली ठेवतो आणि दुसरी विसरतो, कारण पहिली ठेवायला सोपी असते.

काका मागे राहिले होते. मी त्यांच्यासाठी थांबलो. ते म्हणाले, “गुरुजी, मूर्तीले एकच जागा रायते. माह्या बापाले दोन होत्या. कामाची येगळी अन् बसाची येगळी.”

यात कणेरीच्या कारागिरांचा काही दोष नाही. सिमेंटला ते दाखवताच येत नाही. माणूस कोणतं काम करत होता हे मूर्ती सांगेल. त्या कामासाठी तो अंगणात कुठपर्यंत येऊ शकत होता, कोणत्या उंबऱ्याशी थांबत होता, हे मूर्ती कसं सांगणार? बलुतेदार ओळीनं उभे केले की सगळे एका उंचीचे दिसतात. गावात ते एका उंचीचे नव्हते.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाण्यातला हा पट्टा, जमीन काळी कसदार पण पोटातलं पाणी खारं. विहीर खणावी तर तोंडात न धरवेल असं पाणी लागतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्याचं चित्र काढायचं तर मोट येते, ऊस येतो, गुऱ्हाळ येतं. आमच्याकडे यातलं काहीच नाही. आमच्याकडे गावाबाहेर एक गोड्या पाण्याची विहीर, बस. आणि त्या विहिरीला काकांच्या आईला हात लावता येत नव्हता. कोणी येईल, दया करून घागरीत पाणी ओतेल, तोवर ती बाजूला उभी. सगळ्या गावाची तहान एकाच विहिरीवर, म्हणून तिथली रेघही जास्त ठळक. आमच्या गावाचं संग्रहालय करायचं तर ती विहीर ठेवावीच लागेल. आणि विहीर ठेवायची तर ती बाजूला उभी राहायची जागाही ठेवावी लागेल.

हे म्हटलं की काही मंडळी नाराज होतात. “चांगलं सोडून वाईटच का उकरता?” असं विचारतात. त्यांचंही मी मनावर घेतो, कारण जुन्या गावात चांगलं होतंच. आमच्या सुताराचं काम मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बंडीचं चाक तो कागदावर काहीही न काढता करी. तुंब्यात आरे बसवायचे, आऱ्यांवर पुठे जोडायचे आणि मग सगळ्यात अवघड काम, लोखंडी धाव चढवायची. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची. गोवऱ्या रचून ती लाल होईस्तोवर तापवायची, म्हणजे ती फुगते. मग खाती आणि सुतार दोघांनी मिळून सांडशीनं ती चाकावर बसवायची, लाकूड पेट घेण्याच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आक्रसतं आणि सारं चाक असं आवळून घेतं की पुढे कित्येक वर्षं एक आरा हलत नाही. किती लहान ठेवायची हे माप त्याच्या हातात होतं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याच्या नातवाला आज ते येत नाही. माणसाच्या हातातली एवढी अक्कल मातीत गेली, याचं वाईट वाटलं नाही तर आपण माणूस कसले?

पण त्याच सुताराला या कामाचं काय मिळत होतं? खळ्यावर ज्वारीच्या पायल्या. पीक बुडालं की बलुतंही बुडालं. काम मात्र बुडत नसे. मोडलेली बंडी दुष्काळातही दारात येऊन उभी राही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ लिहिलं ते १९१५ साली. गावाची ही घडण कशी कुरकुरत होती हे त्यांनी तेव्हाच मांडून ठेवलं. म्हणजे आपण ज्याला मोडण्याआधीचं गाव समजतो ते शंभर वर्षांपूर्वीही मोडत होतंच.

इथून दुसरा प्रश्न निघतो. गाव मांडायचं तर घड्याळ कोणत्या साली थांबवायचं? वऱ्हाडाचंच घ्या. १८५३ साली हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या हाती गेला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेना आणि आमच्या कापसाला भाव चढला. मुंबईहून नागपूरकडे आगगाडी आली, १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला. पुढे कापसासाठीच मूर्तिजापूरहून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे नॅरोगेज गेली, तीच आपली शकुंतला. म्हणजे माझ्या खापरपणजोबांच्या वावरातला कापूस मँचेस्टरच्या भावावर विकला जात होता. ज्याला आपण जुनं, स्वयंपूर्ण, जगापासून दूर असलेलं खेडं म्हणतो ते आमच्याकडे निदान दीडशे वर्षांत नव्हतंच. प्रत्येक पिढीचं जुनं गाव म्हणजे तिच्या लहानपणचं गाव. माझं जुनं गाव म्हणजे कंदिलाचं. माझ्या मुलाचं जुनं गाव म्हणजे एसटीडी बूथ असलेलं.

शकुंतलेचंच पाहा. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. आता गाडी बंद आहे आणि तिच्याबद्दल दोन मागण्या ऐकू येतात. कोणी म्हणतं ब्रॉडगेज करा, कोणी म्हणतं वारसा म्हणून आहे तशी जपा. ज्याला दवाखान्यासाठी तालुक्याला पोचायचं आहे तो पहिलं म्हणतो. ज्याला लहानपण आठवतं तो दुसरं म्हणतो. मला दोन्ही वाटतं. पण मला दवाखान्याची घाई नसते, हेही ध्यानात ठेवावं लागतं.

आणखी एक गोष्ट. टिकतं ते मोठ्यांचं टिकतं. देशमुखाची गढी, पाटलाचा वाडा, सागवानी खांब, पितळी हंडे हे काळाला पुरून उरतं. तुराट्या-पऱ्हाट्यांचा कुड घालून शेणानं लिंपलेलं घर एका पिढीतच मातीला मिळतं. त्या घरात फुटका परळ, फाटकी वाकळ आणि कोपऱ्यातला खराटा, हे संग्रहालयात कोण देणार आणि कोण घेणार? म्हणून जगात कुठेही जुनं गाव उभं केलं की ते थोडं श्रीमंत दिसतं. कोणी मुद्दाम खोटं मांडतो असं नव्हे. गरिबाच्या वस्तूच मागे उरत नाहीत.

आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाची दोन टोकं माझ्या मनात नेहमी एकत्र येतात. १९३६ पासून गांधीजी सेवाग्रामला राहिले. १९३८ साली त्यांच्या हातून वर्ध्याला मगन संग्रहालय सुरू झालं. ते मेलेल्या वस्तूंचं नव्हतं. चरखा, घाणी, हातकागद असे गावचे उद्योग कसे चालतील, कसे सुधारतील, हे लोकांना दाखवण्यासाठी ते होतं. आणि दहा वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९४८ ला, घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याबद्दलचा भाबडा मोह सरळ नाकारला आणि राज्यघटनेचा पाया गाव नव्हे तर व्यक्ती असावा हे ठामपणे मांडलं. एकाला गाव सुधारून वाचवायचं होतं, दुसऱ्याला माणूस गावापासून वाचवायचा होता. मला विचाराल तर गाव मांडून ठेवणाऱ्यानं दोघांनाही सोबत घेऊन बसावं. एकाला धरून दुसरा सुटला की मांडणी लंगडी होते.

हे सगळं मी नुसतं विचाराला खाद्य म्हणून लिहीत नाही. आमच्या गावातल्या पोरांनी आता स्वतःच एक ‘जुनं गाव’ करायचं ठरवलं आहे. जुन्या शाळेची एक खोली आणि पुढचं आवार मिळालं. पोरं उत्साही. कोणाकडून वखर, कोणाकडून डवरा, कोणाकडून पोळ्याच्या झुली आणि घुंगरमाळा असं जमू लागलं. आत्यानं जातं दिलं. देताना अट घातली, “जोळ पाटी लावा. पायटी चारची गोठ त्याच्यावर लेहा.” पोरांनी मान्य केलं.

माझ्याकडे आजोबांची बही होती, १९४८ ते १९६१ सालची. लाल कापडाची, दोरीनं बांधलेली. बलुतं कोणाला किती, सालदाराचं साल किती, उचल किती, बाकी किती. आमच्याकडे पाडव्याला सालदार ठरतो. सालाची ज्वारी, एक धोतर, एक घोंगडी, एक जोडा आणि थोडे रोख, असं ठरायचं. लग्नाकार्याला, दुखण्याबाण्याला उचल घ्यायची. ती वर्षात फिटायची नाही, मग बाकी पुढच्या साली. असं करत करत माणूस एकाच दारात म्हातारा व्हायचा. प्रत्येक बाकीपुढे अंगठा. त्या अंगठ्यांत काकांच्या वडिलांचा अंगठाही आहे, एकदा नव्हे, अकरा वेळा.

वखर-डवरा द्यायला विचार करावा लागत नाही. बही द्यायची का, यावर मी कित्येक रात्री विचार केला. ती आमच्या घरची म्हणून ठेवायचा हक्क माझा. पण तिच्यात लिहिलेली माणसं आमच्या मालकीची नव्हती. त्यांची नातवंडं याच गावात राहतात, शाळेत त्याच आवारात खेळतात. पोरानं जाऊन आपल्या पणजोबाचं कर्ज वाचावं का? आणि झाकून ठेवलं तर कोणाची लाज झाकली जाते? कर्ज घेणाऱ्याची, की अंगठा घेणाऱ्याची?

मी बही घेऊन काकांकडे गेलो. त्यांना वाचता येतं, पण आजोबांची अक्षरं मोडी वळणाची, म्हणून मीच वाचून दाखवली. वाचता वाचता १९५६ सालच्या खळ्याचं पान आलं. त्या वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली. काकांचे वडील पायी आणि मिळेल त्या गाडीनं तिकडे गेले होते, हे गावात सगळ्यांना ठाऊक. त्या आधीच्या प्रत्येक सालच्या खळ्याला त्यांच्या नावापुढे गावकीच्या कामाचं बलुतं म्हणून ज्वारीच्या पायल्या लिहिलेल्या आहेत. १९५६ च्या खळ्याला नाव आहे आणि पुढे आजोबांनी दोनच शब्द लिहिले आहेत, ‘नेले नाही’. पुढच्या साली पुन्हा ‘नेले नाही’. त्याच्या पुढच्या साली नावच नाही.

म्हणजे त्या माणसानं मेलेली गुरं ओढणं, सांगावे पोचवणं ही गावकीची कामं सोडली आणि त्या कामांच्या ज्वारीलाही हात लावला नाही. घरात दाणा नसताना. सालदारी मात्र चालूच होती, उचलही होती, अंगठाही होता. त्याच पानावर खाली.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अजून एकडाव वाचा.” मी वाचलं.

मी विचारलं, “काका, बही ठेवावी का तिथं?”

ते म्हणाले, “थो अंगठा माह्या बापाचा हाये ना? मंग राहू द्या. फोटो नाई, घर पडलं, वावर तं नोतंच. गावात त्याची एवढीच वस्तू उरली.” थोड्या वेळानं म्हणाले, “पन एकटा ठेवू नोका. ज्यानं थो घेतला त्याचंही नाव लेहा.”

त्यांच्या नातवाचं मत वेगळं आहे. तो पुण्याला कंपनीत आहे. फोनवर मला म्हणाला, “काका, ‘नेले नाही’ लिहिलेलं तेवढं दाखवा. कर्जाचं कशाला? आमच्या पोरांनी ते का पाहायचं?” त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. माणसाला आपल्या पूर्वजाची ताठ मान दाखवायची असते, त्यात गैर काय? आजोबा म्हणतो दोन्ही दाखवा, नातू म्हणतो एकच दाखवा. आणि दोघांचा हक्क माझ्यापेक्षा मोठा आहे.

सध्या आम्ही असं ठरवलं आहे. बहीत नऊ सालदारांची नावं आहेत. ज्यांच्या घरची माणसं हो म्हणतील त्यांचीच पानं उघडी राहतील, बाकीची दोऱ्यानं बांधून ठेवायची. पाटीवर पहिलं नाव माझ्या आजोबांचं, धान्य देणारा आणि अंगठा घेणारा म्हणून. त्याला आमच्या भावकीत दोघांचा विरोध आहे. ते म्हणतात, आजोबा चांगले होते, दुष्काळात त्यांनी कोठार उघडलं होतं. ते खरं आहे. मी म्हटलं, तेही लिहू. काकांच्या वडिलांचं पान कोणतं उघडायचं यावर आजोबा-नातवात बोलणं चालू आहे. दिवाळीला नातू येईल तेव्हा दोघं समोरासमोर बसतील. तोवर ते पान बांधलेलंच आहे.

एवढ्या खटपटीतून मला जे कळलं ते साधं आहे. जुनी वस्तू ठेवावी, जरूर ठेवावी, पण तिचा भार सांगून ठेवावी. जात्याबरोबर पहाटे चार, चाकाबरोबर बुडालेलं बलुतं, विहिरीबरोबर बाजूला उभी राहायची जागा. भार काढून घेतला की वस्तू हलकी होते, फोटोत छान दिसते, पण मग ती आपल्याला काही विचारत नाही. आणि ठेवायच्या आधी ज्याच्या अंगावर तो भार होता त्याला, तो नसेल तर त्याच्या माणसांना, विचारावं. वखर आणि झुली जमा करण्यापेक्षा हे काम मोठं आहे. त्याला वेळ लागतो, भांडणंही होतात.

आणि पुढचाही विचार आहेच. पन्नास-साठ वर्षांनी कोणी आमच्या काळाचं गाव मांडेल. त्यात फवारणीचा पंप ठेवतील, बीटी कापसाच्या बियाण्याची थैली ठेवतील, पोरांना सांगतील, याला मोटरसायकल म्हणत. शेजारी बँकेची नोटीस ठेवतील का? ज्या घराचा कर्ता माणूस कपाशीवरचं औषध पिऊन गेला त्या घराचं दार ठेवतील का? ते त्यांनी ठेवावं असं वाटत असेल तर आपण आपल्या आजोबांची पानं आज उघडली पाहिजेत. आत्याच्या जात्याची पाटी रंगवून तयार आहे. पोरांनी तिच्यावर पहिली ओळ आत्याच्याच बोलीत लिहिली आहे. शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणली होती, मी काही बदललं नाही.